कुमुदचा गुरुवार

फोन आला तेव्हा मी स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर केमिस्टच्या रांगेत उभी होते. मंगळवार, सकाळचे साडेदहा. कुमुदला शेवटच्या दिवसांत ठेवलं होतं त्या हॉस्पिसमधली नर्स हळू आवाजात म्हणाली, "शांतपणे गेल्या त्या. आम्ही दोघी जवळ होतो." मी "थँक यू" म्हटलं. या देशात चाळीस वर्षं काढली की मरणाच्या बातमीलाही तोंडातून आधी थँक यूच निघतं. औषधं न घेताच बाहेर आले, समोरच्या बाकावर बसले आणि तिच्या मुलाला फोन लावला, कारण तो लावणं भाग होतं. समीर केंब्रिजला एका टेक्नॉलॉजी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी सांगितलं. तो म्हणाला, "ओके. थँक्स फॉर टेलिंग मी, मावशी. लॉजिस्टिक्स मी बघतो." आई गेल्याची बातमी आणि याच्या तोंडी लॉजिस्टिक्स! त्या बाकावर मला रडू आलं नाही. हातातली पिशवी मी इतकी घट्ट आवळली होती की बोटांवर वळ उठले, ते घरी आल्यावर दिसले.

याला आता नऊ आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन निवळलेलं असावं म्हणतात. माझं निवळलेलं नाही आणि निवळावं अशी माझी इच्छाही नाही. कुमुद किती मोठी होती हे मी सांगणार आहेच, पण तिला काय भोगायला लावलं गेलं आणि कोणी, हेही सांगणार आहे. समीरला मराठी वाचता येत नाही. पण त्याच्या पुण्यातल्या चुलतभावंडांना येतं आणि ती त्याला वाचून दाखवतील, अशी मला खात्री आहे.

कुमुद भूलतज्ज्ञ होती, मूळची मिरजेची. मी तिच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. पहिल्या हिवाळ्यात कॅन्टीनमध्ये ती एकटी बसून टोस्टवर लोणचं लावून खात होती. मी न विचारता समोर बसले, तिनं न विचारता बरणी माझ्याकडे सरकवली. मैत्री झाली ती तिथे. पेशंटला भूल देण्याआधी ती त्याच्या आवडत्या जेवणाची चौकशी करायची. "रोस्ट लँब? बटाटे कसे, कुरकुरीत की मऊ?" एवढं होईपर्यंत माणूस झोपलेला असायचा. सर्जन लोकांना ती घाबरत नसे, उलट तेच तिला वचकून असत. स्वभाव तिखट. एकदा एका वरिष्ठानं नर्सचा अपमान केला, तर कुमुद त्याच्याशी पुढची सहा वर्षं कामापुरतंही "गुड मॉर्निंग" बोलली नाही. मी म्हटलं, "अगं, सोड आता." तर म्हणाली, "सोडायला ते माझं नाही, तिचं आहे. ती सोडेल तेव्हा मी सोडेन." हे वाक्य मी जपून ठेवलंय.

नवरा गेल्यावर ती एकटी राहिली. समीरचं लग्न मोडलं होतं, बायकोनं ऑस्ट्रेलियात नवा संसार मांडला होता आणि लहानगी इरा बापाकडे वाढत होती. शनिवार-रविवार इरा आजीकडे यायची. त्या मुलीमुळे कुमुदच्या आयुष्यात एक अजब गोष्ट आली, कोरियन कॉमिक. इरा बारा वर्षांची असताना तिनं आजीच्या फोनवर ते लावून दिलं. दर गुरुवारी चार वाजता नवा भाग यायचा. मी एकदा दोघींच्या मागे उभी राहून पाहिलं, तर पडद्यावर दात विचकणारी हिरवट माणसं! जगात साथ पसरलेली, चावेल तो झाँबी होणार. एका मासळीवाल्याला चावा बसतो. बायको आणि दोन मुलं त्याला टाकून पळत नाहीत. मासळीच्या लॉरीतल्या बर्फाच्या खोलीत त्याला ठेवतात, कारण थंडीत तो शांत राहतो, आणि त्याला घेऊन देशभर भटकतात. रोज संध्याकाळी कुणीतरी एक जण त्या लोखंडी दारावर टकटक करून आतल्या बापाला दिवसभराची हकीकत सांगतं. तो काहीच बोलत नाही, तरी सांगतात.

"शी! काय पाहता गं हे?" मी म्हटलं.

"शैला, थंडीत शरीराचे व्यापार मंदावतात. लिहिणाऱ्यानं अभ्यास केलाय," कुमुद गंभीरपणे म्हणाली.

"आजी, तू स्क्रोल कर ना!" इरा ओरडली.

त्यात एक काकाही होता. साथ सुरू होताच शेवटच्या बोटीत स्वतः चढून भावाच्या कुटुंबाला धक्क्यावर सोडून गेलेला. कुमुदचं ठाम मत होतं की त्याला झाँबींनी खाल्लंच पाहिजे, तेही सावकाश. इरा म्हणायची, "नाही आजी, तो सॉरी म्हणणार." आजी-नातीचं यावरून खरंखुरं भांडण व्हायचं.

इरा चौदा वर्षांची असताना एका शनिवारी कुमुदच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली. कुमुदनं तिला उचललं आणि तिच्या लक्षात आलं, ते नंतर तिनं मला सांगितलं, की पोरगी उचलायला फार हलकी लागतेय. दूध-साखर दिली, पाठीवर हात फिरवत बसली. मग हळूहळू बाहेर आलं. समीरचा घरात नियम होता, अभ्यास मनासारखा झाल्याशिवाय जेवण नाही. "पोट रिकामं असलं की डोकं शार्प राहतं." कधी अभ्यास मनासारखा व्हायचाच नाही. असं दीड वर्ष. पुढे पुढे तिला भूक लागायचीच बंद झाली होती.

कुमुद केंब्रिजला जाऊन त्याच्याशी बोलली. तो म्हणाला, "मॉम, तूच विचारायचीस ना मला, स्टडी झाला का? मग आता काय प्रॉब्लेम आहे?" हे तिला लागलं. माझ्याकडे येऊन तिनं तीन-तीनदा विचारलं, "मी अशी होते का गं? खरं सांग." मी खरं सांगितलं. कडक होतीस, पण पोराला उपाशी कधी ठेवलं नाहीस. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिनं इराच्या शाळेला फोन केला आणि डॉक्टर म्हणून, आजी म्हणून, सगळं सांगितलं. मुलांची काळजी बघणारी कौन्सिलची माणसं समीरच्या घरी आली. पोरीला जेवण मिळू लागलं, शाळेत बोलायला माणूस मिळाला. आणि समीरनं आईला एक ओळ पाठवली : यू विल नॉट सी हर अगेन.

त्यानं शब्द पाळला. इराच्या फोनवर आजीचा नंबर ब्लॉक केला. दर रविवारी तो तिचा फोन तपासायचा. कुमुद वाढदिवसाला, दिवाळीला, निकालाच्या वेळी पत्रं पाठवायची. ती परत यायची, पाकिटावर त्याच्या हातची तीन शब्दांची ओळ, रिटर्न टू सेंडर. त्यातल्या 'आर'ला एक ऐटबाज वेलांटी असायची. ते अक्षर कुमुदनंच त्याला गिरवून घेऊन शिकवलं होतं. क्रॉयडनच्या एका वकिलानं सांगितलं, कोर्टात जाता येईल. कुमुद म्हणाली, "म्हणजे पोरीला कुणीतरी विचारणार, बाप हवा की आजी. मी तिला त्या खुर्चीत बसवणार नाही."

मधे वर्ष गेलं. मग माझ्या लक्षात आलं की ही गुरुवारी चार वाजता कुठेच येत नाही. चहाला नाही, पिक्चरला नाही. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा बदलून घेतली. मी म्हटलं, "कुमुद, कुणी भेटलाय का? सांग बाई, मी खूशच होईन." ती लाजल्यासारखी हसली आणि फोन माझ्यापुढे धरला. तेच कॉमिक. प्रत्येक भागाखाली जगभरातले वाचक काहीबाही लिहीत असतात, त्यात थालीपीठ नावाच्या कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, "माझी आजी असती तर तिनं झाँबीलाही जेवायला घातलं असतं." कुमुदनं तिथे स्लीपडॉक्टर हे नाव घेऊन खाली उत्तर टाकलं होतं, "घातलं असतं. वर लोणी." दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी थालीपीठनं विचारलं, "किती लोणी?"

एवढं दाखवून कुमुद ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, फोनकडेच पाहत राहिले... त्यानंतर अडीच वर्षं, दर गुरुवारी, त्या झाँबींच्या पायाशी आजी आणि नात भेटत होत्या. रविवारी फोन तपासणाऱ्या बापाला तिथे डोकावून बघायचं सुचलं नाही. दोघी उघड काही लिहीत नसत. "आज लॉरीतल्या मुलीनं नाश्ता केला का?" "केला. दोन टोस्ट." "भौतिकशास्त्राच्या पेपरात लॉरी बंद पडली का?" "नाही, पण धूर आला." मधे जपान, ब्राझील कुठकुठले वाचक गोंधळून विचारायचे, या भागात पेपर कुठे होता? आणि काकावरून भांडण चालूच. "त्याला खा," स्लीपडॉक्टर लिहायची. "त्याला एक चान्स द्या," थालीपीठ लिहायची.

गेल्या हिवाळ्यात कुमुदच्या पोटात दुखू लागलं. तपासण्यांचे निकाल तिनं स्वतःच वाचले आणि मला सांगितलं, "दोन महिने, शैला. फार तर तीन." ती रडली नाही. म्हणाली, "इराला एकदा बघायचंय. त्याला फोन कर, मी केला तर तो उचलणार नाही." मी केला. पहिल्यांदा तो म्हणाला, "मावशी, तिच्या मॉक एक्झाम्स आहेत, आय कान्ट डिस्टर्ब हर." दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा मी हॉस्पिसच्या खोलीतून केला. कुमुद म्हणाली, स्पीकरवर ठेव, मला त्याचा आवाज तरी ऐकू दे. मी ठेवला. ती ऐकतेय हे त्याला मी सांगितलं नाही, ही माझी चूक. मी म्हटलं, "समीर, आठवडा आहे फार तर. इराला नाही तर निदान तू ये." तो म्हणाला, "मावशी, तुम्ही चांगल्या आहात, पण प्लीज, नो ड्रामा. शी मेड हर चॉइस. कौन्सिलला बोलावलं तेव्हा तिला मी आठवलो नाही."

कुमुदनं हात वर केला. "ठेव फोन," म्हणाली. मग भिंतीकडे कूस वळवली. जाणाऱ्या माणसाची पाठ किती लहान होते... ती पाठ मी विसरणार नाही. बाकी सगळं एक वेळ माफ करीन, ती पाठ नाही.

त्या गुरुवारी तिच्या बोटांत टाइप करण्याइतकं बळ नव्हतं. आदल्या आठवड्यात तिनं लिहिलं होतं, पुढचे भाग कदाचित वाचता येणार नाहीत. खाली थालीपीठचा प्रश्न होता, "कदाचित म्हणजे किती?" कुमुदनं सांगितलं ते मी टाइप केलं : "स्लीपडॉक्टर थकलीय. काकाला खाल्लंच पाहिजे. आणि तूही खाल्लंच पाहिजे." पाच मिनिटांत उत्तर आलं, नुसतं "टक टक टक". मी वाचून दाखवलं. कुमुदनं पलंगाच्या कठड्यावर बोटानं तीनदा वाजवलं, अगदी हळू. मी ते तसंच लिहून पाठवलं. मंगळवारी ती गेली.

फ्यूनरलला समीर काळ्या सुटात उभा राहून म्हणाला, "माय मदर वॉज माय बेस्ट फ्रेंड." माझ्या पर्समध्ये ती परत आलेली पाकिटं होती, सगळीच्या सगळी. मी ठरवून आणली होती. उठणार, एकेक काढणार, एकेका बाकावर वाटणार. मी उठलेही. तेवढ्यात पुढच्या रांगेतून इरानं मागे वळून पाहिलं. चार वर्षांनी मी तिला पाहत होते. उंच झालेली, चेहरा आजीचा. तिनं मान अगदी थोडी हलवली, नको. मी खाली बसले. बाहेर पडताना ती माझ्या जवळून गेली आणि तोंड न हलवता म्हणाली, "शैलाआजी, पाच वीक्स. मग मी एटीन."

ते पाच आठवडे मी तोंड शिवून काढले. समीरनं आईचा फोन मागितला. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो माझ्या कपाटात होता. कुमुदनं पासवर्डसकट माझ्या हातात दिला होता. खोटं बोलताना मला जराही वाईट वाटलं नाही. मग त्यानं स्लाऊच्या आमच्या मराठी मंडळाला सांगून शोकसभा ठरवली आणि मला फोन केला, "मावशी, फाइव्ह मिनिट्स बोला. पॉझिटिव्ह ठेवा." मी होकार दिला.

सभेच्या तीन दिवस आधी इरा अठरा वर्षांची झाली आणि त्याच सकाळी एक बॅग घेऊन घराबाहेर पडली. मैत्रिणीच्या घरच्यांनी परीक्षा होईपर्यंत तिला ठेवून घेतलं. शनिवार-रविवार ती माझ्याकडे असते. पहिल्याच शनिवारी मी तिला पाकिटं दिली. तिनं माझ्या जाजमावर बसून एकेक फोडून वाचलं. मधे मी पोहे केले, ते वाचता वाचताच खाल्ले, दोनदा घेतले. शेवटी म्हणाली, "उद्या तुम्ही नाही बोलायचं. मी बोलतो." मी "बोलते" असं दुरुस्त करणार होते, पण राहिले.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. बहुतेकांच्या कुणा ना कुणाला कुमुदनं कधीतरी भूल दिलेली. माझं नाव पुकारलं तेव्हा इरा उठली. समीर पुढून म्हणाला, "इरा, सिट डाउन." ती म्हणाली, "नाही बाबा. मी एटीन आहे आता." आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, लिंग-वचनाचा पत्ता नाही, आवाज मात्र आजीसारखा खणखणीत : "माझा आजी आणि बाबा बेस्ट फ्रेंड नव्हते. बाबानं मला जेवण नाही दिला. आजीनं स्कूलला सांगितला, म्हणून मी जिवंत आहे. मग बाबानं आजीला चार वर्ष मला बघू नाही दिला. ती मरत होता तेव्हा पण नाही." मग तिनं फोन काढला आणि गुरुवारची ती सगळी बोलणी वाचून दाखवली. टोस्ट, पेपर, धूर, काका, लोणी. वाचून झाल्यावर तिनं पाकिटांचा गठ्ठा बापाच्या मांडीवर ठेवला. वरच्या पाकिटावर तो वेलांटीवाला 'आर'.

चहाच्या टेबलापाशी बटाटेवड्यांची बशी घेऊन समीर उभा होता आणि त्याच्या भोवती चहूबाजूंनी हातभर जागा मोकळी होती. या गावात वाढलेला मुलगा, सगळे त्याला चड्डीत असल्यापासून ओळखणारे. एकही जण त्या मोकळ्या जागेत शिरला नाही. तो माझ्याकडे आला. "यू प्लॅन्ड धिस. तुम्ही मला सगळ्यांसमोर ह्युमिलिएट केलं, मावशी." मी म्हटलं, "मी नाही केलं, तिनं केलं. पण हो, मला फार बरं वाटलं."

नंतर दोघा-तिघांनी मला समजावलं, कुमुदला हे आवडलं नसतं, आईचं काळीज असतं. मी कुमुदला ओळखत होते, त्यांनी तिला मंडळाच्या हळदीकुंकवाला पाहिलेलं. कुमुदला आवडलं असतं. तिनं वडा मागून घेतला असता. कॉमिकचा शेवटचा भाग ती गेल्यावर आला. लेखकानं काकाला झाँबींच्या तोंडी दिलं नाही. तो एका बेटावर सुखरूप पोचतो, खायला-प्यायला मुबलक, फक्त बोलायला कुणी नाही. इरा म्हणाली, "आजी रागावली असती." मला वाटतं, नसती रागावली. दोनदा वाचलं असतं तिनं आणि म्हणाली असती, हे जास्त सावकाश आहे.

गेल्या रविवारी कुमुदचं घर रिकामं करून किल्ल्या समीरला द्यायच्या होत्या. तो अकराला येणार होता. आम्ही दोघी साडेनऊलाच गेलो. सामान बहुतेक गेलेलं, स्वयंपाकघरात छोटं टेबल, दोन खुर्च्या आणि किटली तेवढी उरली होती. मी चहा केला. इरा ज्या खुर्चीत बसली ती कुमुदची. टेबलाला पाठ केल्यासारखी, तिरकी, खिडकीकडे वळवलेली. मी इतकी वर्षं तिच्याकडे जेवले आणि ही बाई अशी वाकडी का बसते, असं मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. इरा बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "शैलाआजी, इथून बस स्टॉप दिसतो. स्टेशनवरून येणारी बस." मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. दिसत होता. बसमधून उतरणाऱ्या माणसाचा चेहराही दिसला असता. चार वर्षं, चहाचा कप हातात घेऊन... खुर्चीच्या पायांनी लिनोलियमवर चार खड्डे पाडले होते. इरानं वाकून त्यातल्या एकावरून बोट फिरवलं, मग सरळ बसली आणि कप उचलला.

अकराला समीरची गाडी फाटकाशी थांबली. तो उतरला, दारापर्यंतच्या पायवाटेवरून चालत आला. त्या खुर्चीतून सगळं दिसत होतं. बेल वाजली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. बाहेर वारा सुटला होता, त्यानं कोटाची कॉलर वर केली.

मी इराकडे पाहिलं. "उघडू?"

"चहा संपू दे," ती म्हणाली.